नोकरी करत न्यायसहायक मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण: कोणती पदवी कोणते दार उघडते?

सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर खून किंवा बलात्कारासारख्या अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळापुढे पहिला प्रश्न येतो तो त्याच्या समजेचा. गुन्हा करण्याइतकी मानसिक आणि शारीरिक क्षमता त्याच्यात होती का? परिणाम काय होतील हे त्याला कळत होते का? गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला? बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १५ नुसार मंडळाला हे प्राथमिक मूल्यांकन करावे लागते. त्यावरून मुलाचा खटला मंडळाकडेच राहणार की प्रौढाप्रमाणे बाल न्यायालयात जाणार, हे ठरू शकते.

१३ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या मूल्यांकनाबाबत महत्त्वाचा निकाल दिला. मंडळात बालमानसशास्त्राची किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेले कोणी नसेल, तर अनुभवी मानसशास्त्रज्ञ किंवा मनोसामाजिक कार्यकर्त्याची मदत घेणे बंधनकारक आहे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे एका मुलाचे पुढचे आयुष्य काही अंशी एका अहवालावर अवलंबून असते.

असे अहवाल लिहिण्याचे शास्त्र म्हणजे न्यायसहायक मानसशास्त्र, अर्थात फॉरेन्सिक सायकॉलॉजी. पोलीस, तुरुंग कर्मचारी, वकील, समुपदेशक, परिचारिका, समाजकार्यकर्ते अशा अनेकांना नोकरी सांभाळून हा विषय शिकावासा वाटतो. समाजमाध्यमांवर ‘घरबसल्या फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट व्हा’ अशा जाहिरातीही दिसतात. प्रत्यक्षात या क्षेत्रात पदवीचे नाव आणि काम करण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरदाराने पैसे भरण्याआधी हा फरक समजून घेणे गरजेचे आहे.

हा विषय नेमका काय आहे?

‘फॉरेन्सिक’ हा शब्द लॅटिनमधून आला. रोममधील ‘फोरम’ म्हणजे सार्वजनिक चौक, जिथे न्यायनिवाडेही होत. त्यामुळे न्यायालयाच्या कामी येणारे मानसशास्त्र, असा या विषयाचा साधा अर्थ आहे. महाराष्ट्रात सरकारी फॉरेन्सिक प्रयोगशाळांना ‘न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा’ म्हणतात. ‘न्यायसहायक मानसशास्त्र’ हे नाव त्याच धर्तीचे आहे.

टीव्ही मालिकांमुळे हा विषय म्हणजे गुन्हेगाराचा चेहरा पाहून खोटे पकडणे, असा समज झाला आहे. अभ्यासक्रमात त्याला फार थोडी जागा असते. साक्षीदाराची स्मृती, आरोपीची मानसिक स्थिती, पीडितांवरील आघात, पुन्हा गुन्हा होण्याचा धोका, मनोविकार, मानसशास्त्रीय चाचण्या, संख्याशास्त्र, संशोधन पद्धती, कायदा आणि व्यावसायिक नीती हे मुख्य विषय असतात.

साक्षीदाराच्या स्मृतीचे उदाहरण पाहू. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग या विषयाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना शिकवला जातो. १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. त्यातील ५० जणांना ‘गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता’ असे विचारले. दुसऱ्या ५० जणांना ‘धडकल्या’ऐवजी ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरून तोच प्रश्न विचारला. उरलेल्या ५० जणांना वेगाबद्दल विचारलेच नाही.

आठवड्याने सर्वांना विचारले, ‘फुटलेली काच दिसली का?’ फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तरी ‘धडकल्या’ हा शब्द ऐकलेल्या ७ जणांनी काच दिसल्याचे सांगितले आणि जोरदार शब्द ऐकलेल्या १६ जणांनी. प्रश्नातला एक शब्द बदलल्याने आठवण बदलली. रोज जबाब नोंदवणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्यासाठी किंवा उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासाठी ही माहिती दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडणारी आहे. नोकरी करत शिकणाऱ्याचा खरा फायदा इथे आहे.

मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट यांत फरक काय?

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो आणि औषधे देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मनोविकारांचे मानसशास्त्रीय मूल्यांकन आणि उपचार करतो. भारतात त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पात्रता आणि नोंदणी लागते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या दिली आहे. परिषदेची मान्यताप्राप्त पात्रता किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षणासह दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., अशी ती व्याख्या आहे. त्यातला ‘पूर्णवेळ’ हा शब्द नोकरदारासाठी महत्त्वाचा आहे. एम.फिल. पदवी नव्या शैक्षणिक धोरणानुसार बंद होत असल्याने पुढे कोणता अभ्यासक्रम मान्य धरला जातो, हे परिषदेच्या ताज्या सूचनांमध्ये पाहावे लागते.

‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ या नावाची अशी स्वतंत्र नोंदणी भारतात नाही. याचा परिणाम प्रत्यक्ष कामावर होतो. आरोपी खटल्याला सामोरे जाण्याच्या मानसिक स्थितीत आहे का, असा प्रश्न आला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ मध्ये उल्लेख आहे तो मनोविकारतज्ज्ञाचा किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा. केवळ न्यायसहायक मानसशास्त्रातील एम.एस्सी. असलेली व्यक्ती या चौकटीत बसत नाही. बाल न्याय अधिनियमातील ‘अनुभवी मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ते किंवा अन्य तज्ज्ञ’ ही चौकट मात्र अधिक रुंद आहे.

भारतात कुठे शिकता येते?

या क्षेत्रातील सर्वांत ठळक नाव राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे आहे. गांधीनगरच्या गुजरात फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीला २०२० च्या केंद्रीय कायद्याने हा राष्ट्रीय दर्जा मिळाला. न्यायसहायक मानसशास्त्रातील एम.एस्सी. हा तेथील पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. विद्यापीठाचे एक संकुल गोव्यात फोंडा येथे आहे. मात्र प्रत्येक संकुलात प्रत्येक अभ्यासक्रम असतोच असे नाही. त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका पाहूनच ठरवावे.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. तिथला भर रसायन, जीवशास्त्र, सायबर यांसारख्या शाखांवर आहे. नावातील ‘न्यायसहायक’ या शब्दामुळे अनेकांची गल्लत होते. न्यायसहायक विज्ञानाची पदवी मानसशास्त्रज्ञ बनवत नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयाला समाजकार्याची बाजू आहे. १९९० मध्ये सुरू झालेला तिचा ‘प्रयास’ हा प्रकल्प तुरुंगातील कैद्यांसोबत काम करतो. ज्यांना मूल्यांकनापेक्षा पुनर्वसनात रस आहे, त्यांना ही वाट अधिक जवळची वाटते.

तिसरी वाट म्हणजे आपल्या शहरातील विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. करणे आणि प्रबंध व इंटर्नशिप न्यायव्यवस्थेशी संबंधित विषयावर घेणे. पदवीवर ‘फॉरेन्सिक’ हा शब्द येत नाही, पण मानसशास्त्राची पूर्ण पदव्युत्तर पदवी हातात राहते. पुढे क्लिनिकल प्रशिक्षण, अध्यापन किंवा संशोधन यांपैकी काहीही निवडता येते.

दूरशिक्षणाने करता येईल का?

नोकरदारांची पहिली पसंती वर्षानुवर्षे दूरशिक्षणाच्या एम.ए.ला होती. हे दार आता नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी निगडित विषय मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत, असे उच्च शिक्षण संस्थांना कळवले. या निर्णयाला २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याची पार्श्वभूमी आहे. माणसाच्या मनाशी संबंधित काम प्रत्यक्ष सरावाशिवाय शिकवू नये, असा त्यामागचा विचार आहे.

त्यामुळे ‘पूर्णपणे ऑनलाइन एम.ए. फॉरेन्सिक सायकॉलॉजी, सरकारमान्य’ अशी जाहिरात दिसली, तर संस्थेला त्या वर्षासाठी, त्या विषयासाठी आणि त्या पद्धतीसाठी मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर तपासावे. अल्पमुदतीची ऑनलाइन प्रमाणपत्रे मात्र ज्ञानासाठी घेता येतात. ती पदव्युत्तर पदवीची जागा घेत नाहीत, एवढे लक्षात असले की पुरे.

आठवड्याचे तास पुरतील का?

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकासाठी अभ्यासाचे ३० तास धरले जातात. त्यात तास, प्रात्यक्षिक आणि घरचे वाचन हे सगळे येते. एका सत्रात २० श्रेयांक असतील तर ६०० तास होतात. सत्र सुमारे २० आठवड्यांचे धरले, तर आठवड्याला ३० तास. नोकरीचे ४८ तास त्यात मिळवले की आकडा ७८ वर जातो. प्रवास, घरकाम, मुलांची शाळा, आईवडिलांचे दवाखाने यांचा हिशोब अजून बाकीच आहे.

शिवाय बहुतेक पूर्णवेळ अभ्यासक्रमांत ७५ टक्के उपस्थितीची अट असते. ‘नाव नोंदवा, परीक्षेला या’ असे सांगणारी संस्था ही अट शिथिल करत नसते, ती नोंदी खोट्या ठेवत असते. ज्याला पुढे न्यायालयात शपथेवर आपली पात्रता सांगायची आहे, त्याने अशा पदवीवर उभे राहणे धोक्याचे आहे. उलटतपासणीत वकील सर्वांत आधी पदवी कशी मिळाली हेच विचारू शकतो.

मग नोकरदाराने काय करावे?

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी अध्ययन रजा हा पहिला पर्याय आहे. केंद्र सरकारच्या रजा नियमांत साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतर, संपूर्ण सेवाकाळात मिळून २४ महिन्यांपर्यंत अशी रजा मिळू शकते. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. अभ्यासाचा कामाशी संबंध दाखवावा लागतो आणि परतल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचा बंधपत्रही द्यावा लागतो. कारागृह, पोलीस किंवा महिला व बालविकास विभागातील कर्मचाऱ्याला हा संबंध दाखवणे तुलनेने सोपे जाते. रजा न घेता शिकायचे असले तरी प्रवेशाआधी विभागाची लेखी परवानगी घेणे शहाणपणाचे ठरते.

खासगी नोकरीत दोन वर्षांची रजा क्वचितच मिळते. तिथे कामाची पाळी बदलणे, अर्धवेळ काम घेणे किंवा दोन वर्षांचा खर्च आधी साठवून नोकरी सोडणे, हेच पर्याय उरतात. पहिले वर्ष कसेबसे निभावते. खरी ओढाताण होते ती इंटर्नशिपच्या सत्रात, कारण बाल न्याय मंडळ, रुग्णालय किंवा तुरुंग संध्याकाळी सातनंतर विद्यार्थ्यासाठी उघडे नसतात. सुट्टी साठवायची असेल तर ती याच सत्रासाठी साठवावी.

आपल्याच नोकरीतल्या लोकांवर संशोधन करता येते का?

तुरुंगात काम करणारा विद्यार्थी प्रबंधासाठी तिथल्याच कैद्यांची निवड करतो. सखी केंद्रातील समुपदेशक तिथल्याच मुलींच्या नोंदी घेते. सोयीचे वाटणारे हे पाऊल सर्वांत जपून टाकावे लागते.

ज्याच्या हातात बराकीच्या किल्ल्या आहेत, त्याने ‘माझ्या अभ्यासात भाग घेशील का’ असे विचारले तर कैदी ‘नाही’ म्हणू शकेल का? सही कागदावर असली तरी ती संमती मोकळी नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये कैद्यांना असुरक्षित गटात धरले आहे आणि त्यांच्यासाठी जादा संरक्षण सांगितले आहे. नीती समितीची मंजुरी आणि कारागृह विभागाची लेखी परवानगी, दोन्ही लागतात. शक्य असेल तर संमती घेण्याचे काम त्या कैद्यावर अधिकार नसलेल्या व्यक्तीकडे द्यावे, किंवा दुसऱ्या ठिकाणचे सहभागी निवडावेत.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत नियम आणखी कडक आहेत. पोक्सो कायद्याखाली पीडित बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. नाव बदलले पण गाव, शाळा आणि नातेसंबंध तसेच ठेवले, तरी ओळख पटू शकते. वर्गातील चर्चा, सादरीकरण आणि व्हॉट्सॲप ग्रुप यांनाही हेच लागू होते. कामावर कळलेली गोष्ट अभ्यासाचे ‘उदाहरण’ म्हणून सांगण्याचा मोह नोकरदार विद्यार्थ्याला इतरांपेक्षा जास्त असतो.

आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. दिवसभर ठाण्यात किंवा तुरुंगात जे पाहिले, त्याचेच संशोधन रात्री वाचायचे, याचा मनावर भार पडतो. दुसऱ्यांच्या आघाताच्या कहाण्या सतत ऐकून झोप उडणे, चिडचिड होणे, बधिरपणा येणे याला दुय्यम आघात म्हणतात. अनुभवी मार्गदर्शकाशी नियमित बोलणे हा यावरचा मान्य उपाय आहे. चांगल्या अभ्यासक्रमात त्याची वेळ ठरलेली असते.

खोटे पकडणाऱ्या यंत्रांचे काय?

मुंबईत कलिना येथील न्यायसहायक प्रयोगशाळेत मानसशास्त्र विभाग आहे आणि पॉलिग्राफसारख्या चाचण्या तिथे होतात. २००८ मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या लहरींवर आधारित चाचणीचाही आधार घेऊन जन्मठेप सुनावली, तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरी चाचण्या व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा ठरत नाही. त्या माहितीवरून पुढे काही वस्तू सापडली, तर तिचा विचार होऊ शकतो. हा निकाल न शिकवता केवळ यंत्रे शिकवणारा अभ्यासक्रम अपुरा आहे.

ब्रिटनमधून ऑनलाइन पदवी घेतली तर?

ब्रिटनमध्ये ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ हे नाव कायद्याने संरक्षित आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय ते कोणी लावू शकत नाही. नेहमीचा मार्ग असा: ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीच्या निकषांत बसणारी मानसशास्त्राची पदवी, मग सोसायटीची मान्यता असलेली एम.एस्सी. आणि त्यानंतर देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. त्याऐवजी काही विद्यापीठांत डॉक्टरेटची वाटही आहे. एम.एस्सी. पूर्णवेळ एका वर्षाची, तर अर्धवेळ साधारण दोन वर्षांची असते.

म्हणजे एम.एस्सी. हा तिथेही पहिला टप्पाच आहे. भारतात बसून ऑनलाइन एम.एस्सी. मिळाली, तरी पुढचे काम करण्याची जागा मिळाल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर तिथे जाणाऱ्याला पदवी स्तरावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तासच काम करता येते. परत येऊन भारतात नोकरी करायची असेल, तर त्या पदवीची समकक्षता प्रवेशाआधीच विचारून घ्यावी.

पदवीनंतर काम कुठे मिळते?

न्यायसहायक प्रयोगशाळा, बालगृहे आणि निरीक्षणगृहे, कारागृहे, कौटुंबिक न्यायालयांतील समुपदेशन, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था, पोलीस प्रशिक्षण आणि अध्यापन ही मुख्य ठिकाणे आहेत. पोक्सो नियम, २०२० मध्ये पीडित बालकासोबत राहणाऱ्या सहायक व्यक्तीची तरतूद आहे. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा देण्याचा विचार असेल तर आरोपीचे मनोविकारविषयक आणि मानसशास्त्रीय मूल्यांकन मागवावे, असे सांगितले. त्यामुळे कामाची गरज वाढते आहे. मात्र प्रत्येक पदाच्या जाहिरातीत पात्रतेचे शब्द वेगळे असतात.

म्हणून सोपा मार्ग उलटा आहे. आधी हव्या असलेल्या पदाच्या दोन-तीन जुन्या जाहिराती मिळवाव्यात, त्यातील पात्रता शब्दशः वाचावी आणि मग अभ्यासक्रम निवडावा.

प्रवेश घेण्याआधी संस्थेला विचारायचे प्रश्न

• पदवी प्रमाणपत्रावर नेमके कोणते नाव येणार: मानसशास्त्र, गुन्हेशास्त्र की न्यायसहायक विज्ञान?
• ही पदवी पुढील क्लिनिकल प्रशिक्षणासाठी पात्र धरली जाते का?
• इंटर्नशिप कुठे होते, किती तासांची असते आणि जागा संस्था मिळवून देते की विद्यार्थ्याने शोधायची?
• नीती समिती आहे का?
• मानसशास्त्रीय चाचण्या प्रत्यक्ष घ्यायला कोण शिकवते आणि त्या व्यक्तीची नोंदणी कोणती?
• उपस्थिती कमी पडली तर काय होते?

या प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. ज्याला आपल्या ठाण्यात, कोर्टात किंवा समुपदेशन केंद्रात अधिक चांगले काम करायचे आहे, त्याला अल्पमुदतीचा चांगला अभ्यासक्रमही पुरेसा ठरू शकतो. पण ज्याला मंडळापुढे बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाबद्दल अहवाल लिहायचा आहे, त्याच्यासाठी जवळची वाट नाही. त्या मुलाला आपल्यासमोरची व्यक्ती पुरेशी शिकलेली आहे की नाही, हे तपासण्याची सोय नसते.